माळाचा खराबा कसा झाला

सातबारा हातात पडला की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो, मग क्षेत्र बघतो. त्या क्षेत्राखाली आणखी एक ओळ असते, पोटखराब्याची. वर्ग ‘अ’ आणि वर्ग ‘ब’. रस्ता, नाला, पाणवठा, मसणवट असलं सार्वजनिक वापराचं क्षेत्र ‘ब’मध्ये जातं. ‘अ’मध्ये जाते ती लागवडीला निकामी ठरलेली जमीन, म्हणजे खडक, मुरूम, उघडा माळ. तिच्यावर आकार बसत नाही म्हणून तलाठ्याला तिच्यात रस नाही. तिच्यातून पीक निघत नाही म्हणून मालकालाही नाही. सरकारी जमिनीत हाच माळ ‘गायरान’, ‘पडीक’, ‘मुरमाड’ अशा नोंदींखाली पसरलेला असतो. इंदापूर, दौंड, करमाळा, माळशिरस, माण, कर्जत या तालुक्यांमधली एक सबंध जीवसृष्टी या नोंदींखाली राहते, आणि गेली दोनशे वर्षं ती मरते आहे तीही या नोंदींपायीच.

सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर पूर्वेला जे उरतं ते वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. काळ्या पाषाणावर वीतभर माती, कुठे तीही नाही. झाडं विरळ, हिवर, बोर, तरटी, खैर अशी काटेरी. बाकी सगळं गवत. जूनचा पाऊस लागला की माळ पंधरा दिवसांत हिरवा होतो, गणपतीपर्यंत गुडघाभर वाढतो, दिवाळीनंतर सोनेरी पडतो आणि मार्चपासून उघडाबोडका दिसतो. परगावचा माणूस त्याला बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, एसटीच्या खिडकीतून बघतो आणि ‘काय ओसाड मुलूख’ म्हणून मोकळा होतो.

त्या गवतातली कुसळी एकदा हातात घेऊन बघावी. दाण्याला खाली सुईसारखं टोक, टोकावर उलट्या दिशेचे बारीक केस आणि मागे दोन-तीन इंच लांब काळपट कुसळ. कोरड्या हवेत हे कुसळ स्वतःभोवती पीळ घेतं, ओल लागली की पीळ सुटतो. तळहातावर ठेवून थुंकीचा थेंब लावला तर ते डोळ्यांदेखत फिरायला लागतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्या भांडवलावर ते गिरमिटासारखं फिरत दाणा जमिनीत उतरवतं, आणि उलट्या केसांमुळे दाणा परत वर येत नाही. मुरमाच्या कठीण कातडीत कोणी नांगर न धरता पेरणी होते ती अशी. हेच कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरतं, कातडीपर्यंत जातं, म्हणून मेंढपाळ कुसळी पिकायच्या आत चारून घेतो. माळाचं सगळं वेळापत्रक अशा बारक्या गोष्टींवर चालतं.

गवत खाऊन त्याचं मांस करणारे इथले खरे कामगार म्हणजे नाकतोडे आणि वाळवी. पावसाळ्यात माळावरून चाललं तर प्रत्येक पावलाला पाच-दहा नाकतोडे उडतात. त्यांच्यावर चंडोल जगतात, धाविक जगतात, सरडे जगतात. माळढोकाचं पिल्लू मोठं होतं तेही प्रामुख्याने किड्यांवर. कझाकस्तानच्या मैदानांतून हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी इतक्या लांब येतात ते पुष्कळसे या नाकतोड्यांसाठी, आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. गुरांच्या शेणावर शेणकिडे, मेंढरांवर लांडगा. यातलं काहीही झाडावर अवलंबून नाही, हे पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायला हवं.

आता हा माळ मुळात होता की झाडं तोडून झाला? गेल्या शतकभरात शिकलेल्या माणसाने ठामपणे सांगितलं की इथे घनदाट जंगल होतं, माणसाने आणि बकऱ्यांनी ते संपवलं. हे सांगणं इतकं अंगवळणी पडलं की पुरावा मागायचं कोणाला सुचलं नाही. भारतातल्या वनांचं चँपियन आणि सेठ यांचं १९६८ चं वर्गीकरण आजही वनखात्याचा आधारग्रंथ आहे. त्यात दख्खनचा हा पट्टा काटेरी वनाच्या हिशेबात बसवलेला आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरच्या गवतांची पाहणी करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दख्खनच्या गवतांना स्वतंत्र नाव दिलं, पण त्यांच्याही लेखी गवत हा जंगलाच्या वाटेवरचा थांबा होता.

उलट बाजूची साक्ष अलीकडे अनपेक्षित ठिकाणाहून आली. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय उघडलं. चरित्रं, ओव्या, लोककथा यांत कोणत्या गावाजवळ कोणतं झाड, कसलं रान याचे उल्लेख त्यांनी टिपले. झाडांची जी नावं निघाली त्यांतली बहुसंख्य विरळ झाडांच्या, उन्हाच्या, गवताळ मुलखातली. त्यावरून पश्चिम महाराष्ट्रातला हा गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षं जुना असल्याचं त्यांनी दाखवलं. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातली कान्होपात्रेची तरटी आपण भक्तिभावाने बघतो. वनस्पतिशास्त्रज्ञाने बघितली तर ती माळाची साक्षीदार आहे, कारण तरटी दाट सावलीतलं झाड नव्हे. संतकथेने भूगोल असा नकळत जपून ठेवला. तरटीच्या कुळातल्या झुडपांवर, म्हणजे वाघाटी, नेपती यांच्यावर, पायोनियर नावाच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. झुडूप गेलं की ते फुलपाखरू दुसऱ्या पानावर अंडी घालून भागवू शकत नाही.

गवत ही त्या काळी दौलत होती, हे मराठ्यांच्या इतिहासात पानोपानी दिसतं. भीमा आणि नीरेच्या काठची भीमथडी तट्टं ज्या गवतावर वाढली त्यावर घोडदळ उभं राहिलं. पेशवाईत कुरणं राखलेली असत, त्यांना रखवालदार असत. शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेलं १६७३ चं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये म्हणून ते आपण सांगतो, पण त्यातली निम्मी काळजी वैरणीची आहे. दाणा-गवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी मरतील, रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंज पेटेल, इतक्या बारकाव्याने राजा गवताचा विचार करतो. त्याही आधीच्या गावोगावच्या वीरगळांवर खालच्या पट्टीत गुरं कोरलेली दिसतात, गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्यांचे ते दगड. जिथे माणसं गुरांसाठी मरत होती तिथे चराऊ रान निकामी कसं असेल?

आणि धनगर. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा ही माळावरची दैवतं आणि त्यांच्या मागे फिरणारे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, यांचा सोन्थायमर या जर्मन पंडिताने आयुष्यभर अभ्यास केला. पाऊस संपला की वाडा पश्चिमेला सरकतो, वाटेत शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन मेंढरं बसवून घेतो. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढराला धसकटं. रात्री वाघर लावून कळप कोंडायचा, कुत्री सोडायची, तरी लांडगा एखादं कोकरू नेतोच. मेंढपाळ चिडतो, शिव्या घालतो, पण लांडगा माळाचाच आहे हेही तो धरून चालतो. मालकी नसलेल्या जमिनीवर अनेकांचे हक्क एकावर एक रचलेले असणं, ही त्या व्यवस्थेची रीत होती. नव्या सरकारला नेमकी हीच रीत कागदावर मांडता आली नाही.

मराठेशाही बुडाल्यावर पाच-सहा वर्षांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी दख्खनभर हिंडू लागला. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. लोकसंख्या, पिकं, वजनं-मापं, महसूल, पाऊस, सगळं. माणूस नोंदींचा भुकेला. महसुलाबरोबर त्याने पक्षी, प्राणी, मासे, किडेही नोंदवले. दख्खनच्या लांडग्याचं शास्त्रीय वर्णन १८३१ साली त्यानेच केलं, आणि हा प्राणी दगडधोंड्यांच्या उघड्या माळावर विपुल आहे, घाटातल्या जंगलात आपल्याला दिसला नाही, असंही लिहून ठेवलं. माळढोक तर त्याला सर्रास भेटत होते. एका गोऱ्या गृहस्थाने एकट्याने हजारभर मारल्याची नोंद त्याने केली आहे.

माझ्या मते त्याची सगळ्यांत मोलाची नोंद मुंगीची. १८२९ च्या जूनमध्ये पुण्यात सकाळी फिरताना त्याला कवायतीच्या मैदानाजवळच्या लागवड नसलेल्या जागेत मूठ-मूठभर गवताच्या बियांचे ढीग दिसले. जवळून बघितल्यावर कळलं की शेकडो मुंग्या बिळातून दाणे वर आणून उन्हात टाकताहेत. गवत पिकल्यावर साठवलेलं धान्य पहिल्या पावसात भिजलं, म्हणून ऊन पडल्या पडल्या ते वाळवायला काढलेलं. पुढे ऑक्टोबरात परतीच्या पावसानंतर पुन्हा हेच दृश्य. मुंग्या धान्य साठवतात हे जुन्या ग्रंथांतून सांगितलं जाई, पण युरोपातले कीटकशास्त्रज्ञ ती दंतकथा समजत होते. साइक्सने १८३५ मध्ये ते पुण्यातल्या पुराव्यानिशी छापलं. त्या मुंगीच्या शास्त्रीय नावात आजही ‘दूरदृष्टीची’ असा अर्थ आहे.

एकाच माणसाच्या दप्तरात माळाचे दोन हिशेब होते, एक जमाबंदीचा, दुसरा जीवांचा. सरकारने पहिला उचलला, दुसरा लंडनच्या विद्वत्सभांच्या अंकांत गेला.

तेव्हा जमाबंदीचा प्रयोग सुरू होता तो इंदापुरात. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचे या तत्त्वावर तिथे आकारणी केली. हिशेब पुस्तकी होता, मोजणी करणारे कारकून भ्रष्ट होते, वरून धारण पडली. कुळं गाव सोडून निजामाच्या हद्दीत गेली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांना तोच तालुका दुरुस्त करायला धाडलं. त्यांनी तत्त्व बाजूला ठेवून जमिनीत कुदळ मारली. मातीची खोली किती, रंग काळा, तांबडा की बरड, चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी तुंबतं का, हे बघून नऊ प्रती ठरवल्या, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. दर उतरवले आणि तीस वर्षं कायम केले. प्रतबंदीची हीच पद्धत पुढे इलाखाभर लागू झाली. आजच्या सातबाऱ्याची हाडं तिथली.

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ही सुधारणा खरोखरच चांगली होती. लोक परत आले, पडलेली रानं भराभर नांगराखाली आली. मला गोल्डस्मिड-विंगेट खलनायक वाटत नाहीत. पण त्यांच्या तक्त्यात प्रश्न एकच होता, या मातीतून किती आण्यांचं पीक निघेल. दोन आण्यांच्याही खाली जे गेलं ते शून्य. कुसळीला, मुंगीला, भीमथडी तट्टाला रकाना नव्हता. फिरता वाडा कोणत्याच गावच्या खात्यावर नव्हता. आणि शून्याची एक खोड असते. ते भरून काढायला हवं असं पुढच्या प्रत्येकाला वाटत राहतं.

१८७८ च्या वन कायद्याने वन ‘किंवा पडीक’ अशी सरकारी मालकीची कोणतीही जमीन राखीव करण्याची सोय केली. म्हणजे एका खात्याने शून्य म्हणून टाकलेला माळ दुसऱ्या खात्याला न झालेलं जंगल म्हणून मिळाला. त्या आगेमागेच भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदाही झाला, १८७१ साली. मुंबई इलाख्यात तो पुढे लागू झाला आणि माळ ज्यांना पायाखालच्या वाटेसारखा माहीत होता त्या फासेपारध्यांवर हजेरी आली. एका जागी न राहणारी माणसं आणि एका पिकात न बसणारी जमीन, दोघांना एकाच पिढीतल्या साहेबांनी संशयाने बघितलं.

चित्ता या काळात माळावरून नाहीसा झाला. कोल्हापूर दरबारात चित्तेवान होते, काळविटांवर चित्ते सोडण्याचा षोक होता. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. १९५२ मध्ये देशी चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, रकाना बदलला नाही. १९७२ चा दुष्काळ आला. माळावर रोजगाराची कामं निघाली, पाझर तलाव, बंडिंग, झाडं. त्याच वर्षी सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजला माळढोक असल्याचं जगापुढे आणलं. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथे कुंपण घालून गवताचे प्लॉट राखले होते. हेतू गुरांच्या वैरणीचा, पण चराई थांबताच गवत वाढलं, नाकतोडे वाढले आणि माळढोक त्यातच अंडी घालू लागले. मादी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. नकाशावर रेघ मारणाऱ्याने सोलापूर-नगरचे तालुकेच्या तालुके, गावं, शेतं, रस्ते सगळं आत घेतलं. मग जमिनीची खरेदी-विक्री अडली, कर्ज अडलं, बिगरशेती अडली. लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल माया होती तिथे कटकट निर्माण झाली. पुढे हे क्षेत्र कमी करत १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. मधल्या काळात उजनीचं पाणी फिरलं, ज्वारी-भुईमुगाच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. ज्वारीच्या आणि भुईमुगाच्या रानात माळढोक चरत असे, उसात त्याला पाय ठेवता येत नाही. नान्नजमध्ये आता एखाददुसरा पक्षी दिसला तर बातमी होते.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावं म्हणत होते. मोराची निवड झाली. माळढोक झाला असता तरी माळ वाचला असता असं मला वाटत नाही. राष्ट्रीय पक्ष्याच्या घरालाही आपण पडीकच म्हटलं असतं.

१९८५ साली केंद्राने पडीक जमीन विकास मंडळ काढलं, उद्दिष्ट दरसाल पन्नास लाख हेक्टरांवर झाडं. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण १९८२ पासूनच चालू होतं. २००० साली उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला. त्यात ६.३८ कोटी हेक्टर, म्हणजे देशाचा पाचवा हिस्सा पडीक निघाला. झुडपाळ माळ त्यात, चराऊ कुरणं त्यात, वाळवंट त्यात. हिमालयातला कायमचा बर्फदेखील त्यात. विंगेटच्या कुदळीचा प्रश्न उपग्रहाला विचारल्यावर उत्तरही तेच येणार होतं.

झाडं लावायची तर कोणती? झाडं न जगणाऱ्या जमिनीत जगतील ती. सुबाभूळ, निलगिरी, वेडी बाभूळ आणि सगळ्यांत जास्त गिरिपुष्प. मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं हे झाड फांदी खोचली तरी लागतं, पाण्याला फार मागत नाही, आणि शेळ्या-मेंढ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. वनीकरणाच्या अहवालात ‘जिवंत रोपांची टक्केवारी’ हा एक रकाना असतो, त्यात गिरिपुष्प पहिल्या नंबराने पास होतं. खेड्यात त्याला उंदीरमारी म्हणतात, कारण पानं-साल उंदरांच्या विषासाठी वापरतात. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं तेव्हा पुण्याच्या टेकड्या सुंदर दिसतात, लोक फोटो काढतात. मीही थांबून बघतो, खोटं कशाला बोलू.

पण त्या गुलाबी झाडाखाली वाकून बघावं. पावसाळ्यात पानांचं छप्पर दाटतं, ऊन जमिनीवर पोचत नाही. कुसळी, मारवेल, पवन्या ही उन्हाची गवतं, सावलीत ती तीन-चार वर्षांत विरळ होतात आणि मग जातात. गवत गेलं की त्यावर पोसणारे नाकतोडे गेले, गवतावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या गेल्या. वर पानं भरपूर आहेत, पण ती खाणाऱ्या देशी अळ्या जवळजवळ नाहीत. पान आणि अळी यांचं जमायला हजारो वर्षं लागतात, या झाडाला इथे येऊन फार तर शंभर-सव्वाशे वर्षं झाली असतील. हिवाळ्यात मावा मात्र पडतो, गाड्यांच्या काचा चिकट होतात. बी नाही म्हणून दाणे वेचणारी मुंगी नाही. किडा नाही म्हणून चंडोल नाही. शिवाय चंडोल, धाविक, पखुर्डी हे पक्षी उघड्यावर अंडी घालणारे, चारी बाजूंनी शत्रू दिसावा म्हणून. तिथे दर तीन मीटरवर एक झाड म्हणजे कावळ्याला बसायला तेवढ्या जागा. हिरवळ वाढते आणि जीव कमी होतात, हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही.

सगळं नुकसान झाडांनीच होतं असं नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. तिथे एक रंगीत गळपिशवीचा सरडा राहतो. निळ्या-काळ्या-केशरी पंख्यासारखी गळपिशवी फुगवून नर दगडावर बसतात. २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र जाती म्हणून नाव मिळालं आणि प्रजातीचं नाव चक्क मराठी, ‘सरडा’. मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की चक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झालेत, त्यामुळे सरडे वाढलेत आणि बेफिकीर झालेत, माणूस अगदी जवळ गेला तरी हलत नाहीत. वाढले म्हणजे चांगलं झालं असं वाटेल, पण हे सरडे अंगाने हडकलेले निघाले, कारण तेवढ्याच किड्यांत वाटेकरी जास्त. त्या पठारावर एकही झाड लावलं नाही की नांगर फिरवला नाही, तरी गणित बदललं. ओसाड म्हटलेल्या जागेत किती धागे ओढून बांधलेले असतात ते एक धागा तुटल्यावरच मोजता आलं.

गेली काही वर्षं घाईची. २०१६ च्या जुलैत राज्याने एका दिवसात दोन कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी चार, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. एवढ्या झाडांना जागा लागते. जंगलात जागा नसते, शेतात शेतकरी देत नाही, उरला माळ. दुसरीकडे पाणलोटाच्या कामांत माळांवर सलग समतल चर खोदले गेले. पोकलेनने गवताची शतकानुशतकांची गादी उचकटून शेजारी उलटी टाकली, कारण अंदाजपत्रकात ती माती होती, गवत नव्हतं. खाण किंवा रस्त्यासाठी कुठे जंगल तोडलं तर भरपाईचं वनीकरणही अशाच जागी. आता सौरऊर्जेला सलग, उघडी, वाद नसलेली जमीन हवी असते. वाद नसलेली म्हणजे जिच्यावर हक्क सांगणाऱ्याचा कागद नाही ती.

पर्यावरणप्रेमी माणसाला हे ऐकवताना मला संकोच होतो. शाळेतली मुलं खड्डे खणून झाड लावतात, निवृत्त मंडळी पहाटे टेकडीवर पाण्याचे कॅन वाहतात, त्यांच्यात खोट नाही. पण त्यांच्या हातातल्या रोपाच्या मुळाशी महसुली कारकुनाचं शून्य आहे. झाड नाही म्हणजे काहीच नाही, हे त्याच कारकुनाकडून आलेलं आहे. जंगल तोडल्याचा निषेध आपण करू शकतो, कारण तोडलेलं दिसतं. माळाचा मृत्यू वृक्षारोपणाच्या समारंभात, नारळ फोडून होतो.

लांडगा अजून टिकून आहे, पण कशावर? काळवीट रेहेकुरीच्या सव्वादोन चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात आणि आसपासच्या रानात, चिंकारा मयूरेश्वर-सुप्यात आणि इंदापूरच्या माळांवर. बाकी लांडग्याला मेंढरं आणि गावाबाहेर टाकलेली पोल्ट्रीची मेलेली कोंबडी. त्या कचऱ्यावर गावची कुत्रीही येतात. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या एका पिवळट रंगाच्या लांडग्याची जनुकीय तपासणी झाली आणि तो लांडगा-कुत्र्याचा संकर निघाला. साइक्सने ज्याचं वर्णन केलं तो प्राणी बंदुकीने संपण्याआधी रक्ताने पातळ होण्याची भीती आहे.

उलटं वारंही थोडं वाहतं आहे. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिरसुफळ भागात वन विभागाने गवताळ माळाची सफारी सुरू केली, लोक तिकीट काढून लांडगा बघायला येतात. अकोला-वाशिमकडे फासेपारधी तरुणांनी गायरानातली गवतं राखायला घेतली. तिथे पावसाळ्यात तणमोराचा नर गवताच्या वर दिवसभरात शेकडो उड्या मारून मादीला आपला ठावठिकाणा सांगतो. एके काळी त्या उडीवरून फासे कुठे लावायचे ते ठरवणारी मंडळी आता त्यावरून घरटं कुठे असेल ते ओळखतात आणि कापणी त्या तुकड्यापुरती लांबवतात.

मात्र राखायचं म्हणजे कसं, यावर माळाच्या मित्रांतच एकमत नाही. वन विभागाची सवय कुंपणाची. चर खणला, मेंढरं बाहेर, रखवालदार आत. नान्नजच्या प्लॉटने सुरुवातीला ती सवय बरोबरही ठरवली होती. पण अनेक वर्षं तोंड लागलं नाही तर जुनं गवत पडून साचतं, नव्या कोंबाला ऊन मिळत नाही, उन्हाळ्यात वणवा लागला तर सगळंच जातं. मेंढपाळ म्हणतो, आम्हाला जुलै-ऑगस्टात तुकडे पाडून द्या, कुसळी फुलायच्या आत आम्ही निघतो. पक्षी-अभ्यासक म्हणतो, नेमका तोच अंड्यांचा हंगाम आहे. दोघंही खरं बोलतात. काही गावांत यावर चिठ्ठ्या टाकून तुकडे ठरवावेत, एक वर्ष बंद, एक वर्ष उघडा, असं बोलणं चालू असतं. तसं ठरवायला जागा लागते आणि गावाची सही लागते. ती घ्यायला ग्रामसभेत बसलं की पहिला प्रश्न येतो, त्या गटाला सोलरवाले एकरी किती भाडं देताहेत.